इटलीतला वर्ग जुलैत भरतो, आपली हजेरी जूनपासून लागते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शिक्षण पुरवणीत परदेशी विद्यापीठांच्या उन्हाळी वर्गांवरचा लेख वाचला. इटालियन भाषेच्या महिनाभराच्या वर्गांची त्यात दखल घेतली गेली याचा आनंद झाला, पण ‘सहलीची सहल आणि वर प्रमाणपत्र’ या थाटात ती घेतली गेली, हे मनाला लागलं. मी पुण्यात घरीच इटालियनच्या शिकवण्या घेते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी कुणाला तोरिनोला (ट्युरिनला) जाऊन मोटारींचं डिझाइन शिकायचं आहे, कुणाला फ्लॉरेन्समध्ये जुन्या चित्रांच्या जतनाचं काम. एक मुलगी पाश्चात्त्य गायन शिकते. ती ज्या रचना बसवते त्यांतल्या कित्येक इटालियनमध्येच आहेत. इटालियन माध्यमातल्या पदवीला प्रवेश हवा तर साधारण बी-२ पातळी लागते. (युरोपात भाषेच्या ए-१ ते सी-२ अशा सहा पातळ्या मानतात; ए-१ सगळ्यांत प्राथमिक, बी-२ चौथी.) पुण्यात बसून, आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकून ती गाठणं फार कठीण आहे, हे मी शिकवणारी असून सांगते.

म्हणूनच या वर्गांचं मोल. इटलीतल्या पेरुजा शहराचं परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं विद्यापीठ हे काही कालपरवा उघडलेलं दुकान नव्हे. आस्तोर्रे लुपात्तेल्ली नावाच्या वकिलांनी १९२१ मध्ये तिथे परदेशी लोकांसाठी वर्ग सुरू केले आणि १९२५ मध्ये त्यांचं विद्यापीठ झालं. सिएना या तिथल्याच दुसऱ्या शहरात तर असे वर्ग १९१७ पासून भरतात. दोन्ही सरकारी विद्यापीठं आहेत आणि दोघांच्या प्रमाणपत्र परीक्षांना, म्हणजे पेरुजाच्या ‘चेली’ला आणि सिएनाच्या ‘चिल्स’ला, इटलीभर मान आहे.

मी स्वतः पेरुजाला शिकले आहे. एत्रुस्कन, म्हणजे रोमनांच्याही आधीच्या, काळातल्या प्रचंड दगडी कमानीसमोर पालाझ्झो गालेंगा हा अठराव्या शतकातला वाडा आहे, तिथे आमचे वर्ग भरायचे. आधी चाचणी होते, तिच्यावरून तुम्हाला कोणत्या पातळीच्या वर्गात बसवायचं ते ठरतं आणि त्यानंतर बाई एक अक्षरही इंग्रजीत बोलत नाहीत. माझ्या शेजारी कांगोचा एक तरुण बसायचा; पुढे रोमला धर्मशास्त्र शिकायला जाणार होता. मागच्या बाकावर चीनची दोन मुलं आणि खिडकीपाशी एक जपानी आजी. आम्हा पाचजणांत समान अशी एकच भाषा होती, ती म्हणजे आमची मोडकीतोडकी इटालियन. मधल्या सुट्टीत कॉफीच्या यंत्रासाठी सुटे पैसे मागायचे तरी तिच्यातच. जपानी आजी रोज शेजाऱ्याच्या वहीत डोकावून त्याचं क्रियापदाचं रूप दुरुस्त करायच्या आणि तोही निमूटपणे खोडून नवं लिहायचा. भाषा अंगवळणी पडते ती अशा जागी. इथल्या वर्गात मी कितीही नाटुकली बसवली, तरी अडलं की मुलं मराठीवर येतातच, आणि का येऊ नयेत?

वर्गाबाहेरही तेच. माझी एक विद्यार्थिनी गेल्या वर्षी तिथल्या सुपरमार्केटमध्ये टोमॅटो घ्यायला गेली. तिथे फळभाजीला उघडा हात लावत नाहीत. प्लास्टिकचा पातळ हातमोजा चढवायचा, निवडायचं, काट्यावर ठेवायचं, त्या भाजीचा क्रमांक दाबायचा आणि निघालेली चिठ्ठी पिशवीला चिकटवायची. तिने वजनच केलं नव्हतं. गल्ल्यावरच्या बाईंनी परत पाठवलं, तेव्हा मागे रांगेत उभे असलेले एक आजोबा आपली टोपली तिथेच ठेवून तिच्याबरोबर काट्यापर्यंत गेले आणि कुठलं बटण, चिठ्ठी कुठे, सगळं सावकाश दाखवलं. परतताना रांगेतल्या लोकांची माफी तिने आपणहून मागितली, पूर्ण वाक्यात. त्या दिवशी फोनवर तिचा आवाज ऐकूनच मला कळलं की ही आता बोलणार.

आता खरी अडचण सांगते. आपल्या लेखात तिचा उल्लेखच नव्हता. आपला उन्हाळा एप्रिल-मेचा, त्यांचा जुलै-ऑगस्टचा. आपल्याकडे मेमध्ये परीक्षा चालू असतात, कधी त्या जूनच्या मध्यापर्यंत लांबतात आणि लगेच नवं सत्र सुरू होतं. तिकडचा वर्ग भरतो तेव्हा इथे हजेरी लागत असते. पंचाहत्तर टक्क्यांचा नियम आहेच. माझी एक विद्यार्थिनी सगळी कागदपत्रं हातात असताना केवळ ‘सत्र बुडेल’ या भीतीने थांबली. दुसऱ्या एकाला महाविद्यालयातून लेखी काहीच मिळालं नाही, तोंडी ‘बघू’ एवढंच. तो गेला आणि परत आल्यावर हजेरीसाठी त्याला दारोदार फिरावं लागलं.

यावर उपाय अवघड नाही. नव्या शैक्षणिक धोरणात सैद्धांतिक विषयाला १५ तासांचा एक श्रेयांक (क्रेडिट) धरतात. आठवड्याला वीस तास शिकवणी धरली तरी चार आठवड्यांत ८० तास होतात, म्हणजे पाच श्रेयांक सहज. ओपन इलेक्टिव्हमध्ये, म्हणजे आपल्या शाखेबाहेरच्या आवडीने निवडायच्या विषयांत, मुलं याहून कमी मेहनतीत श्रेयांक मिळवतात. परदेशी विद्यापीठांशी करार करून तिथले श्रेयांक जोडून घ्यायची वाट यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनी दाखवलेली आहेच. आपल्या एखाद्या विद्यापीठाने पेरुजाशी किंवा सिएनाशी असा करार केला, तर मुलांची हजेरी आणि श्रेयांक दोन्ही प्रश्न एका कागदावर सुटतील. माझ्या वर्गातली ती चीनची मुलं आपापल्या जोरावर आलेली नव्हती. ‘मार्को पोलो’ आणि ‘तुरांदोत’ अशा दोन योजना खास चिनी विद्यार्थ्यांसाठी आहेत. त्यांत मुलं पदवीच्या आधी कित्येक महिने इटलीतच भाषा शिकतात. आपली मुलं हुशारीत कुठे कमी आहेत?

करार नसला की ती पोकळी एजंट भरून काढतात. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी शहरातल्या एका एजंटाकडून ‘संपूर्ण पॅकेज’ घेतलं. विद्यापीठाचं शुल्क संकेतस्थळावर उघड लिहिलेलं असतं. त्यांनी भरलेली रक्कम त्याच्या कितीतरी पट होती, आणि मुलाला ठेवलं कुठे, तर भारतीय मुलांनीच भरलेल्या घरात. तो महिनाभर हिंदी बोलून परत आला. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की प्रवेशाचा अर्ज थेट विद्यापीठाकडे करा आणि राहायची सोय मिश्र देशांच्या मुलांमध्ये किंवा एखाद्या इटालियन कुटुंबात बघा. मुलाला किमान ए-१ पातळी इथे पूर्ण करूनच पाठवा, नाहीतर पहिले दोन आठवडे मुळाक्षरं आणि आकड्यांतच जातात. जमलं तर जुलै निवडा. १५ ऑगस्टला तिकडे ‘फेर्रागोस्तो’ची सुट्टी असते, तिच्या आगेमागे निम्मी दुकानं बंद आणि गावकरी समुद्राकाठी, मुलं बोलणार कुणाशी? सिएनाला जाणाऱ्यांनी २ जुलै आणि १६ ऑगस्ट या पालिओच्या, म्हणजे घोड्यांच्या शर्यतीच्या, तारखा बघून खोली आधीच ठरवावी.

नव्वद दिवसांच्या आतल्या वर्गाला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा कमी मुदतीचा व्हिसा, पुरतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३० हजार युरोंचं विमाकवच, प्रवेशपत्र आणि राहण्याचा पुरावा लागतो. या सगळ्याला वेळ जातो. म्हणून कुलगुरूंना आपल्या वृत्तपत्रामार्फत एवढंच सांगणं आहे, की हजेरी आणि श्रेयांकाबद्दलचं परिपत्रक काढायचं असेल तर ते जानेवारीत काढा. मे महिन्यात निघालं, तर त्या वर्षीच्या मुलांना त्याचा काही उपयोग नाही.

आपली,
इटालियनची एक शिक्षिका,
कोथरूड, पुणे