आततायी नका म्हणू, बाबा

रामबाग, इंदूर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "हा निव्वळ आततायीपणा आहे." स्पीकर सुरू होता. शेजारच्या भाभी चहाला आल्या होत्या, त्यांचा चेहराच उतरला. हिंदीत आततायी म्हणजे जुलमी, अत्याचारी. बापानं लेकीला असं म्हणावं? मराठीत पुढचामागचा विचार न करता टोकाला जाणाऱ्याला म्हणतात, असं सांगून त्यांची समजूत घातली. रात्री मात्र मलाच झोप लागेना.

तुम्हीच शिकवलंत ना, 'आतत' म्हणजे ताणलेलं; धनुष्य ताणून मारायला धावतो तो आततायी. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन कौरवांना तेच म्हणतो. आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारणारा... सहाही जण तुम्ही माझ्याकडून म्हणून घ्यायचात, मी तुमच्या पाठीवर लोळत असताना. त्यांच्या रांगेत मला नका बसवू.

न विचारता घराचं डिपॉझिट भरलं, हे चुकलंच. पण आई न्हाणीघरात पडली हे मला आठ दिवसांनी कळलं, तेही मावशीकडून. मग धीरच उरला नाही. घाई म्हणा, उतावीळपणा म्हणा, ऐकून घेईन. पण विचार केला नाही असं नाही. दिवाळीत आई भिंत धरून चालताना दिसली, तेव्हापासून दुसरं काही सुचलेलंच नाही.

घर तळमजल्यावर आहे, दारात एकही पायरी नाही. कमोडशेजारी धरायला दांडा बसवून घेतलाय. आई, नळाला नर्मदेचं पाणी येतं, तुझ्या देवांना नर्मदास्नान घडेल. देव्हाऱ्यासाठी पूर्वेची भिंत मोकळी ठेवलीये. ज्वारी मिळते, पोळ्यांना बाई मराठीच आहेत. पोहे इथे वाफेवर ठेवतात, तुला आधी मिळमिळीत वाटतील. बाबांची आरामखुर्ची आणायचीच आहे. आणि तिकडचं घर विकायचं नाही, किल्ली बाबांच्याच खिशात. आंब्याच्या दिवसांत आपण तिघं जाऊन राहू.

पंधरा तारखेला मी न्यायला येते. तोवर आई, स्टुलावर अजिबात चढायचं नाही, वरचे डबे वरच राहू देत. बाबा, रक्तदाबाच्या गोळ्या आणि आईचे एक्स-रे हातातल्या पिशवीत ठेवा, ट्रंकेत नको. आणि नुसती ठेच लागली तरी त्याच दिवशी मला फोन करायचा. मावशीला नाही, मला.

तुमची,
चिमी