तुझं घर परत विकलं गेलं

छत्रपती संभाजीनगर
(तुझ्यासाठी औरंगाबादच)

दिग्या,

तुझं घर परत विकलं गेलं. आकडा ऐकायच्या आधी बीपीची गोळी घे. माझी शुगर बरी, गुडघे तसेच.

तू २०१७ च्या जानेवारीत विकलंस. नोटाबंदीला दोन महिने झालेले, गिऱ्हाईक फिरकेना, अन्‌ तू पुण्याला पळायच्या घाईत. ‘थांब’ म्हणालो तर वर्षभर बोलला नाहीस. आता त्या घराला लिफ्ट आहे. दोन मजल्यांना! सामाईक भिंत तीच, त्यामुळं लिफ्ट हलली की आमच्या देवघरातली समई थरथरते. याला म्हणे ‘लक्झरी रो-हाऊस’. नळाला रोज पाणी मात्र लक्झरीलाही नाही.

झालं असं, की चौकात जो भाव फुटला तो ऐकून पोरगा मागं लागलाय. ‘बाबा, पाचपट झाली, विकून टाका, बीड बायपासला व्हिला घेऊ.’ दलाल रोज दारात. त्याच्या तोंडी समृद्धी महामार्ग, ऑरिक ही उद्योगनगरी अन्‌ टोयोटा. जुलै २०२४ मध्ये बिडकीनसाठी टोयोटाचा सामंजस्य करार काय झाला, तेव्हापासून गडी मोटार विकायलाय की घर, तेच कळेना. वाळूजला बजाज आली तेव्हाही लोक असंच बोलायचे.

मग पोराकडूनच नोंदणी खात्याच्या ई-सर्चवर तुझ्या घराच्या सौद्याचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, काढून घेतला. कागदावरचा आकडा चौकातल्यापेक्षा बराच खाली! आता खरा भाव कोणता? आपल्या गल्लीत पाच-सहा वर्षांत एखादं घर विकतं, अन्‌ त्या एकावर सगळे आपापल्या घराची किंमत लावतात. त्यात लिफ्ट, इटालियन मार्बल, मॉड्युलर किचन. माझ्याकडं अजून तीच कडाप्पा फरशी. २०२० च्या सप्टेंबरात मुद्रांक शुल्कात तीन टक्के सूट मिळाली तेव्हा पटापट सौदे झाले, त्याला मी तेजी म्हणत नाही. घाई होती ती.

अन्‌ पाचपट म्हणजे तरी काय रे? आपण घेतलं २००१-०२ ला. आयकरवाल्यांचा महागाई निर्देशांक तेव्हा १०० धरलेला, २०२५-२६ ला ३७६. म्हणजे पावणेचारपट तर नुसती महागाईच. वरच्या सव्वापटीतून घरपट्टी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग अन्‌ दोनदा बदललेला बोअरचा पंप वजा कर. पोराला हे सांगितलं तर म्हणतो, ‘बाबा, तुम्ही निगेटिव्ह.’

विकायचंच झालं तर नफ्यावरच्या करात दोन वाटा आहेत: खरेदीच्या किमतीला निर्देशांक न लावता साडेबारा टक्के, नाहीतर लावून वीस. जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला ही निवड मिळते. मी वहीत मांडलं. पाचपटीला विकलं तर वीस टक्केवाला कर जवळपास निम्मा पडतो. तुला विचारतोय कारण हिशेबात तू माझ्यापेक्षा हरामखोर आहेस.

पण विकून जायचं कुठं? बायपासच्या व्हिलाचा भावही त्याच तेजीतला. इथले पैसे तिथं ओतायचे, वर कर्ज. ही म्हणते, ‘तुळस कुठं ठेवू ते सांगा, मग सही करा.’

वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? धाकटीचं लग्न ठरलं म्हणे, पत्रिका पाठव, व्हॉट्सअ‍ॅपवर नको.

आणि माझ्या खरेदीखताचं दुसरं पान वाळवीनं खाल्लंय. नक्कल मागवायला दस्त क्रमांक लागतो. आपले दस्त एकाच दिवशी, लागोपाठ झाले होते. तुझ्याकडं जुनी झेरॉक्स असेल तर तुझा नंबर तेवढा कळव.

तुझा,
आप्पा