डीएनएची झेरॉक्स निघत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पेशी डीएनएची नक्कल कशी करते त्यावर लेख आला होता. मराठीत असा विषय छापलात त्याबद्दल आधी मनापासून आभार, पण त्यात एक वाक्य आहे की पेशी डीएनएची झेरॉक्स काढते, मूळ जुन्या पेशीत राहतं आणि कॉपी नव्या पेशीत जाते, आणि खालचं चित्रही तसंच काढलंय, डावीकडे मूळ उजवीकडे कॉपी. हे चुकलंय. माझी नात बारावीत आहे, भंवरकुआंला नीटच्या क्लासला जाते, तिने सकाळी चहा घेता घेता वाचलं आणि लगेच म्हणाली, "आबा, परीक्षेत असं लिहिलं तर मार्क गेले." मला मार्कांचं तेवढं नाही, पण मी राजवाड्यामागच्या एका छापखान्यात ३१ वर्षं प्रूफं वाचली आहेत, खिळे जुळवायचे त्या काळापासून ऑफसेट येईपर्यंत, त्यामुळे मूळप्रत आणि नक्कल ह्यात कोणी गल्लत केली की माझ्याच्याने गप्प बसवत नाही.

डीएनए म्हणजे पेशीतली आनुवंशिक माहिती साठवणारे, एकमेकांभोवती पिळलेले दोन धागे, त्यांवर ए, टी, जी, सी अशी चार रासायनिक अक्षरं, त्यात ए च्या समोर टी आणि जी च्या समोर सी. नक्कल करायची वेळ आली की एक एन्झाइम, म्हणजे पेशीत कामं करणारं प्रथिन, हे दोन धागे सोडवत पुढे जातं, आणि प्रत्येक जुन्या धाग्यासमोर एकेक अक्षर जुळवत नवा धागा तयार होतो. म्हणजे काम संपल्यावर जे दोन डीएनए हातात येतात त्या दोन्हीत एक धागा जुना आणि एक नवा! पूर्ण जुना कुठलाच उरत नाही आणि पूर्ण नवाही कुठलाच नसतो.

आणि हे कोणी अंदाजाने म्हटलेलं नाही. १९५८ साली कॅलिफोर्नियात मेसेल्सन आणि स्टाल या दोघांनी जंतूंना आधी जड नायट्रोजनवर वाढवलं, म्हणजे त्यांचा डीएनएही जड झाला, मग साध्या नायट्रोजनवर आणलं, म्हणजे नवे धागे हलके, आणि त्यांचा डीएनए काढून सिझियम क्लोराइडच्या पाण्यात खूप तास गरगर फिरवला, जड असेल तो खाली आणि हलका असेल तो वर जाऊन थांबतो. झेरॉक्सवालं खरं असतं तर पहिल्या पिढीनंतर दोन पट्टे दिसले असते, एक जड एक हलका. दिसला एकच, बरोब्बर मधोमध, म्हणजे अर्धा जुना अर्धा नवा. दुसऱ्या पिढीनंतर मग एक मधला आणि एक हलका.

आता कोणी म्हणेल, एका शब्दासाठी एवढं पत्र कशाला? त्याचं कारण सांगतो. आमच्याकडे एकदा लग्नपत्रिकेचं काम होतं, प्रूफ दोनदा काढलं, पहिल्यात घर नंबर १७ आणि दुसऱ्यात ७१, आणि यजमानांनी हाताने लिहून दिलेला कागद कोणीतरी शाई पुसायला घेतला होता. दोन्ही प्रूफं स्वच्छ, दोन्ही सुवाच्य, पण बरोबर कुठलं ते आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना, शेवटी पोऱ्याला सायकलवर यजमानांच्या घरी पिटाळलं तेव्हा कळलं. मूळप्रत शेजारी नसेल तर प्रूफरीडर काही कामाचा नाही.

पेशीत मूळप्रत शेजारीच असते, जुन्या धाग्याच्या रूपात, आणि सगळी दुरुस्ती त्यावरच उभी आहे. अक्षरं जुळवणारं डीएनए पॉलिमरेज साधारण लाखात एक अक्षर चुकीचं लावतं, पण तेच मागे येऊन चुकलेलं अक्षर काढून टाकतं, शास्त्रज्ञही ह्याला प्रूफरीडिंगच म्हणतात. मग चूक साधारण कोटीत एक उरते. त्यानंतर प्रथिनांची दुसरी एक टोळी नव्या डीएनएवरून फिरते, समोरासमोर न जुळणारी अक्षरं शोधते, आणि चूक जवळजवळ अब्जात एकवर येते. माणसाच्या एका पेशीत अक्षरांच्या सुमारे ६ अब्ज जोड्या असतात हो, तेवढ्यांची नक्कल ७-८ तासांत!

पण ह्या दुसऱ्या टोळीला कसं कळतं की दोघांत चुकलंय कोण, जुना की नवा? इ. कोलाय जंतूत जुन्या धाग्यावर मिथाइल ह्या छोट्या रासायनिक गटाच्या खुणा असतात, नव्या धाग्यावर त्या थोड्या उशिराने लागतात, तेवढ्या वेळात खूण नसलेला तो नवा असं ओळखून दुरुस्ती होते. पॉल मॉड्रिच यांनी हे उलगडलं, २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांत ते होते. आपल्या पेशीत मिथाइलची खूण नाही, तिथे नव्या धाग्यातल्या अजून न सांधलेल्या फटी कामाला येतात. आणि ही दुरुस्ती करणारे जीन्स ज्यांच्यात जन्मापासून बिघडलेले असतात त्यांना आतड्याच्या कॅन्सरचा धोका खूप जास्त असतो, इतकं ते महत्त्वाचं आहे.

ह्या फटींवरून आठवलं, तुमच्या लेखात ओकाझाकी तुकडे आलेत पण माणसं नाहीत. पॉलिमरेज एकाच दिशेने चालतं आणि दोन धागे उलटसुलट दिशांचे, म्हणून एक नवा धागा सलग होतो आणि दुसरा तुकड्या-तुकड्यांनी बनून मागाहून सांधला जातो, हे जपानमध्ये नागोया विद्यापीठात रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी ह्या नवरा-बायकोने १९६० च्या दशकात दाखवलं. रेइजी १९७५ साली ल्युकेमियाने गेले, त्सुनेकोंनी काम पुढे चालू ठेवलं. तिचं नाव यायलाच पाहिजे होतं.

तर विनंती एवढीच की येत्या रविवारी त्याच पानावर दुरुस्ती छापा, आणि शक्य असेल तर चित्र नव्याने काढून घ्या. जुने दोन धागे एका रंगात, नवे दोन दुसऱ्या रंगात, आणि दोन्ही जोड्यांत एकेक धागा जुन्या रंगाचा दिसला पाहिजे. आर्टिस्टला अडलं तर नात कागदावर काढून देईल, तिने कालच मला वहीत लाल-निळ्या पेनाने काढून दाखवलंय.

आपला जुना वाचक,
रामबाग, इंदूर