एजंटाच्या करारावर सही करण्यापूर्वी

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,

साष्टांग नमस्कार.

घर विकण्याचा निर्णय तुम्ही दोघांनी विचारपूर्वक घेतला आहे आणि त्यावर मला पुन्हा चर्चा करायची नाही. हे पत्र केवळ एजंटाविषयी आहे. फोनवर बोलताना विषय भरकटतो आणि बाबा मध्येच फोन आईकडे देतात, म्हणून लिहूनच पाठवते आहे.

बाबांचा पहिला प्रश्न असा होता की, जाहिरात आपणही देऊ शकतो, मग दलाली कशासाठी द्यायची? प्रश्न रास्त आहे आणि अनेक जण स्वतःच घर विकतातही. परंतु जाहिरात हा या कामाचा सर्वांत सोपा भाग असतो. येणाऱ्या फोनांमधून खरे गिऱ्हाईक कोणते आणि नुसते चौकशी करणारे कोणते हे ओळखणे, अनोळखी माणसांना वेळ ठरवून घरात आणणे, भावाची घासाघीस चालू असताना दोन्ही पक्षांना चिडू न देणे आणि समोरच्याचे कर्ज मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करत राहणे, हे सारे या वयात तुम्ही अंगावर घ्यावे असे मला वाटत नाही. त्यामुळे एजंट नेमावा, असेच माझे मत आहे. मात्र त्याचा आणि आपला फायदा बऱ्याच अंतरापर्यंत एकाच दिशेने जात असला, तरी शेवटपर्यंत जात नाही, हे मनाशी पक्के ठेवूनच नेमावा.

हे कसे, ते बाबांना हिशेबाने लगेच पटेल. दलाली दोन टक्के धरली, तर किंमत वाढवून मिळालेल्या प्रत्येक शंभरातले अठ्ठ्याण्णव आपले आणि दोन एजंटाचे. ते दोनही पुष्कळदा त्याला आपल्या संस्थेशी वाटून घ्यावे लागतात. त्या वाढीव रकमेसाठी आणखी काही आठवडे थांबणे आपल्याला परवडते. त्याच्या दृष्टीने मात्र आजच सौदा उरकून पुढच्या घराकडे वळणे अधिक फायद्याचे असते. यात लबाडी आहे असे नाही, कामाचा मोबदलाच तसा बांधलेला आहे. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सायव्हर्सन या दोन अर्थतज्ज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकागो परिसरातील सुमारे एक लाख घरांच्या विक्रीची तपासणी केली होती. एजंटांनी स्वतःच्या मालकीची घरे विकली, तेव्हा तशाच इतर घरांच्या तुलनेत त्यांना सुमारे ३.७ टक्के अधिक किंमत मिळाली आणि ती घरे बाजारात सुमारे ९.५ दिवस जास्त राहिली, असे त्यात आढळले. स्वतःच्या घरासाठी ते थांबले, एवढाच याचा अर्थ. तेव्हा “पार्टी तयार आहे, थोडे खाली या” असा फोन आला की बाबांनी त्याच फोनवर होकार देऊ नये. उद्या कळवतो म्हणावे.

आता किंमत. तुम्ही भेटलेल्या तिघांपैकी ज्याने सर्वांत मोठा आकडा सांगितला, त्याच्याकडे तुमचा कल दिसतो, आणि माझी सर्वांत मोठी हरकत याच ठिकाणी आहे. काम मिळावे म्हणून आरंभी चढा आकडा सांगायचा, करारावर सही घ्यायची आणि मग पंधरवड्यागणिक “बाजार थंड आहे” असे म्हणत मालकाला खाली आणायचे, ही या धंद्यातली जुनी रीत आहे. नवीन घर विक्रीला आले की गंभीर गिऱ्हाईक सुरुवातीच्या आठवड्यांतच येऊन जाते. त्या काळात भाव अवाच्या सवा असला, तर ते पाय मागे घेते, आणि पुढे भाव उतरवला तरी “इतके दिवस का पडून आहे?” अशी शंका घरालाच चिकटते. म्हणून तिघांनाही एकच प्रश्न विचारावा: अलीकडे आपल्यासारखी कोणती घरे विकली गेली, मालकाने किती मागितले होते, प्रत्यक्षात सौदा कितीला झाला आणि त्याला किती काळ लागला? जो या चारही गोष्टी कागदावर मांडील, त्याचा आकडा कमी असला तरी तो मला अधिक विश्वासाचा वाटेल.

आकड्याची पकड केवढी असते, याचे एक उदाहरण देते. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी १९८७ साली अमेरिकेतील टूसॉन येथील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात अनुभवी एजंटांना एकच घर प्रत्यक्ष दाखवून सारखीच माहिती दिली होती. बदलली होती ती फक्त मालकाने मागितलेली किंमत. तेवढ्याने त्यांचे मूल्यांकन त्या त्या आकड्याकडे झुकले, आणि बहुतेकांनी मात्र आपण त्या किमतीकडे पाहून अंदाज बांधल्याचे मान्य केले नाही. जाणकारांची ही गत असेल, तर तुम्ही ऐकलेला पहिला मोठा आकडा तुमच्याही मनातून सहजासहजी जाणार नाही. त्यात बाबा, तुम्ही दुरुस्त्यांवर केलेला सगळा खर्च किमतीत मिळवता. घेणारा तो तसा मिळवत नाही. त्या पैशात आणखी काय मिळते, एवढेच तो पाहतो. हे लिहिताना मलाही फार बरे वाटत नाही, परंतु आत्ताच सांगितलेले बरे.

करारात मुख्यतः पुढच्या गोष्टी पाहाव्यात. एकाच एजंटाला काम देण्यास माझी हरकत नाही, कारण अनेकांना दिले की कोणीच मनापासून करत नाही. मात्र मुदत थोडक्या महिन्यांची असावी आणि काम समाधानकारक नसेल तर ती आपोआप वाढू नये. दलाली सौदा पूर्ण झाल्यावरच देय व्हावी, नुसता विसार मिळाल्यावर नव्हे. मुदत संपल्यानंतरही त्याने आणलेल्या गिऱ्हाइकाने घर घेतले, तर दलाली द्यावी लागेल, असे कलम पुष्कळदा असते आणि ते अन्यायाचे नाही. परंतु ते किती काळ लागू राहील आणि ती गिऱ्हाइके कोणती, याची लेखी यादी हवी. तो घेणाऱ्याकडूनही दलाली घेणार आहे का, हे तोंडावर विचारावे. दोन्ही बाजूंनी पैसे घेणारा माणूस आपल्या बाजूने किती ताणून धरील, हे सांगायला नको. मूळ कागदपत्रे त्याच्याकडे ठेवू नयेत, प्रती द्याव्यात. विसाराची रक्कम तुमच्याच खात्यात यावी. आणि मुखत्यारपत्र, ते कितीही सोयीचे म्हणून पुढे केले गेले तरी, एजंटाच्या नावे करू नये. कायद्याच्या बाबतीत सल्ला स्वतंत्र वकिलाचाच घ्यावा, एजंटाने सुचवलेल्या वकिलाचा नव्हे.

एक नाजूक गोष्ट. बाबा, तुम्ही समोरच्या माणसाला पहिल्याच भेटीत सगळे सांगून टाकता. घराचे दोष जरूर सांगा, मागच्या भिंतीची ओलसुद्धा, कारण दडवलेला दोष पुढे सौदा मोडतो किंवा वादात ओढतो. परंतु कमीत कमी कितीपर्यंत याल आणि तुम्हाला किती घाई आहे, या दोन गोष्टी एजंटालाही सांगू नका. त्याला तुमचा तळ कळला की त्याचे बोलणे तिथूनच सुरू होईल, त्याच्या मनात वाईट काही नसले तरी.

घर दाखवण्याच्या वेळी आईने शक्यतो बाहेर जावे. आई, हे तुला आवडणार नाही, पण मालकीण समोर असली की लोक कपाटे उघडून पाहत नाहीत, आपसांत मोकळेपणाने बोलत नाहीत आणि लवकर निघून जातात. दागिने, औषधे आणि बँकेचे कागद मात्र त्याआधी कुलपात ठेव, आणि कोण कोण येऊन गेले याची नोंद एजंटाकडून मागून घे.

प्रस्ताव येऊ लागले की ते लेखीच घ्यावेत. सर्वांत मोठ्या आकड्याचा प्रस्ताव सर्वांत चांगला असतोच असे नाही. ज्याचे कर्ज आधीच मंजूर आहे आणि जो तुमच्या सोयीने ताबा घ्यायला तयार आहे, तो किंचित कमी देत असला तरी मी त्यालाच निवडीन, कारण तुम्हाला आधी नव्या जागी बस्तान बसवायचे आहे आणि दोन घरांच्या मध्ये सामानासह अडकून पडणे मला मुळीच नको आहे.

कराराचा मसुदा आला की सहीपूर्वी त्याची प्रत मला पाठवावी. घर दोघांच्या नावावर असल्यामुळे सही आईचीही लागणार आहे, तेव्हा तिनेही तो पहिल्या ओळीपासून वाचावा आणि “बाबांनी वाचला आहे” एवढ्यावर सही करू नये.

तुमची लेक