सुन्या, त्या ६ मिलिमीटरच्या गाठीबद्दल

प्रिय सुन्या,

काल फोनवर तुझा आवाज पार उतरलेला होता आणि वहिनी शेजारीच असणार असं वाटलं म्हणून जास्त बोललो नाही, सगळं लिहूनच पाठवतोय. तू नेटवर रिपोर्टमधला ‘न्यूरोएंडोक्राइन’ हा शब्द (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ) टाकलास, पहिलं नाव इरफान खानचं आलं आणि तिथेच खचलास ना? अरे, त्याने २०१८ साली स्वतःच लिहिलं होतं की त्याचा कॅन्सर हाय-ग्रेड, म्हणजे झपाट्याने वाढणारा होता. तुझी रेक्टममधली, म्हणजे गुदाशयातली ६ मिलिमीटरची गाठ आहे, हरभऱ्याच्या डाळीएवढी, तो प्रकारच वेगळा. जुने डॉक्टर याला कार्सिनॉइड म्हणतात. एक सेंटिमीटरच्या आतली असेल आणि स्नायूच्या थरापर्यंत गेलेली नसेल तर पसरायची शक्यता खूप कमी, दुर्बिणीतून काढली की बहुतेकांचं काम तिथेच संपतं, पोट उघडायची गरज नाही आणि केमोही नाही. दोन सेंटिमीटरच्या पुढे गेली की मोठ्या ऑपरेशनचं बोलतात, मधल्या साइजला डॉक्टरांना बराच विचार करावा लागतो. तू त्या दोन्हीत नाहीस.

आमच्या दादाचंही असंच झालं होतं, मूळव्याधीचं रक्त म्हणून स्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी केली आणि हे सापडलं. स्क्रीनवरचा फोटो मी पाहिलाय, गुळगुळीत, पिवळसर, वरून कातडी अगदी धड असलेला छोटासा उंचवटा. आणि सगळी गोम तिथेच आहे बघ. ही गाठ साध्या पॉलिपसारखी वरवर नसते, आतल्या थरात रुतलेली असते, त्यामुळे साध्या तारेच्या फासाने कापली तर वरचा भाग निघतो आणि बूड आत राहू शकतं. मग रिपोर्टमध्ये ‘मार्जिन पॉझिटिव्ह’, म्हणजे कापलेल्या कडेला गाठीचा अंश आहे, असं येतं आणि परत सगळं नव्याने. दादाच्या पहिल्या डॉक्टरांनी ‘आत्ताच्या आत्ता काढून टाकू’ म्हटलं होतं, आम्ही थांबलो आणि मला अजूनही वाटतं तेच बरोबर होतं. सारखे सारखे चिमटे घेऊन बायोप्सीही करू देऊ नकोस, तिथे व्रण होऊन चिकटलं की नंतर गाठ नीट उचलली जात नाही.

दादाची आधी एंडोस्कोपिक सोनोग्राफी, म्हणजे दुर्बिणीतून आतून सोनोग्राफी केली, गाठ कुठल्या थरात आहे ते त्यात कळतं. मग बँड लावून काढली, म्हणजे दुर्बिणीच्या टोकाला टोपी असते, गाठ तिच्यात ओढून घेतात, बुडाशी रबरी बँड सोडतात आणि बँडच्याही खालून तारेने कापतात, खालचा थर गाठीसकट येतो. दुसरी पद्धत ईएसडी, त्यात खाली निळसर पाणी टोचून थर फुगवतात आणि बारीक सुरीने अख्खा तुकडा सोडवतात, वेळ जास्त लागतो आणि हात सरावलेला हवा. एवढ्या लहान गाठीला बँडवाली पद्धत चांगली चालते, पण कुठली करायची ते त्यांनाच ठरवू दे, तू फक्त विचार की अशा गाठी ते नेहमी काढतात का. पुण्यात काढणारे आहेत, मुंबईला पळायची गरज नाही.

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये तीन गोष्टी बघ, मार्जिन मोकळी आहे का, रक्तवाहिन्यांत काही शिरलंय का आणि केआय-६७, म्हणजे पेशी किती वेगाने वाढतायत त्याचा आकडा, किती. तो ३ टक्क्यांच्या खाली असेल तर ग्रेड १, तेच आपल्याला हवंय. दादाचं तिन्ही चांगलं आलं आणि आता तो परत रोज सकाळी पर्वती चढतोय.

तुझी ती रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना, ते डॉक्टरांना आधीच सांग, स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. स्कोपीचे फोटो आणि सीडी फाइलमध्ये ठेव, नुसता रिपोर्ट नेऊ नकोस. सोमवारी मी सुट्टी टाकलीये, साडेनऊला कोथरूडला तुझ्या घरी येतो, कर्वे रोडला गर्दी असते म्हणून लवकरच निघू. वहिनीला हे पत्र दाखव, तिलाही कळू दे.

तुझा,
मिल्या