निकाल पडताळता आला पाहिजे

मतदान यंत्रांचा वाद निघाला की सगळे ‘यंत्र हॅक होते का?’ या प्रश्नापाशीच अडतात. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. हरलेल्या उमेदवाराच्या मतदाराला निकाल पडताळून पाहता येतो का?

नामिबियाने २०१४ मध्ये भारतीय बनावटीची यंत्रे वापरली. आफ्रिकेतला हा पहिलाच प्रयोग. मात्र मत कोणाला पडले हे दाखवणाऱ्या कागदी पावतीची सोय ठेवली नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पावतीविना यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला आणि देश मतपत्रिकेकडे परतला. केनियात तर २०१७ साली मतदान कागदावरच झाले होते. घोळ झाला तो निकाल पाठवण्याच्या इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेत. न्यायालयाने सांगूनही आयोगाने सर्व्हर पूर्णपणे खुले केले नाहीत, आणि अध्यक्षपदाची निवडणूक रद्द झाली.

ज्या देशांत संस्था तरुण आणि सत्तेवरचा संशय जुना आहे, तिथे ‘यंत्र सुरक्षित आहे’ या आयोगाच्या ग्वाहीने लोकांचे समाधान होत नाही, व्हायलाही नको. चिठ्ठ्या टाकून केंद्रे निवडावीत, तिथल्या पावत्या सर्व पक्षांच्या प्रतिनिधींसमोर हाताने मोजाव्यात, आणि तेही निकाल जाहीर करण्याआधी. यात दोन दिवस जास्त गेले तरी चालतील.