कॅरिओटाइपचा रिपोर्ट नुसता व्हॉट्सॲपवर टाकला त्याबद्दल तक्रार

नमस्कार,

दोनदा मिसकॅरेज झालं म्हणून डॉक्टरांनी मला कॅरिओटाइप, म्हणजे पेशीतले क्रोमोसोम (गुणसूत्रं) मोजून-तपासून बघायची टेस्ट, करायला सांगितली आणि मी तुमच्या परळच्या सेंटरला रक्त दिलं. रिपोर्ट तुम्ही व्हॉट्सॲपवर टाकला तेव्हा मी दादरला गाडीची वाट बघत उभी होते, पीडीएफ उघडते तर ४५ क्रोमोसोम, पुढे कंसात १३ आणि १४, आणि खाली लाल अक्षरात ॲबनॉर्मल. बस, एवढंच. कोणाला भेटा, पुढे काय करा, एक ओळ नाही. माणसाला ४६ असतात एवढं शाळेत शिकलेय, म्हणून लगेच फोन लावला तर तुमच्या सेंटरमधला मुलगा म्हणतो, "मॅडम, एक मिसिंग आहे, डॉक्टरांना दाखवा." दोन गाड्या सोडल्या मी, पायच उचलेना.

चार दिवसांनी जेनेटिक काउन्सेलर भेटल्या. त्यांनी तुमच्याच रिपोर्टातला फोटो मोठा करून दाखवला, एक सुटा १३, एक सुटा १४, आणि जोडीतल्या राहिलेल्या १३ आणि १४ चे लांब हात (क्रोमोसोमचे लांब भाग) चिकटून झालेला एकच, म्हणून मोजताना ४५ भरतात. याला रॉबर्टसोनियन ट्रान्सलोकेशन म्हणतात, साधारण हजारात एकाला असतं. गेलेत ते फक्त आखूड हात, त्यांच्यावरचे कामाचे जीन्स १५, २१, २२ वरही असतात, त्यामुळे मला स्वतःला काहीच त्रास नाही. स्त्रीबीज बनताना वाटणी चुकली की १३ किंवा १४ जास्त नाहीतर कमी जातो आणि गर्भ बहुतेक वेळा टिकत नाही, पण नीट मूलही होऊ शकतं. हे ऐकायला पंधरा मिनिटं लागली हो! आणि त्याआधी चार रात्री माझी आई विचारत होती, तुझ्या वेळी माझ्याकडून काही चुकलं का गं.

अजून एक, पहिलं सॅम्पल तुमच्या माणसाने जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये घेतलं. या टेस्टला पेशी जिवंत ठेवून वाढवायच्या असतात, त्यासाठी हिरव्या टोपीची हेपरिनवाली लागते, हे त्याला माहीत नको? परत बोलावलंत आणि चार्जही परत लावलात.

तो चार्ज परत करा. 'बॅलन्स्ड' (म्हणजे कामाचं काही कमी-जास्त झालेलं नाही) असं स्पष्ट लिहून आणि काउन्सेलिंगचा सल्ला घालून रिपोर्ट नवीन द्या, आणि असा रिपोर्ट पाठवायच्या आधी पेशंटला जाणकार माणसाचा फोन जाऊ दे. हे आईबाबांकडूनही आलेलं असू शकतं, म्हणून आता आईला रक्त द्यायचंय. ती ६३ वर्षांची आहे, तिला तुमच्याकडे आणायचं की नाही हे तुमचं उत्तर बघून ठरवेन.